बारावं आणि तेरावं

लेखिकाबाई,
तुमची कादंबरी वाचनालयाला परत केली, अकरा दिवस उशिरा.
दंड नाही घेतला त्यांनी. काउंटरवरच्या रोसेंदानं
माझ्या बुटांकडे पाहिलं
आणि शिक्का मारला.

बूट आईचे आहेत, दोन नंबर मोठे.
चवड्याशी वर्तमानपत्र कोंबते,
निघताना कोरडं, परतताना लगदा.

तुमच्या बाराव्या प्रकरणाच्या शेवटी त्या मुलीची आई जाते.
खिडकीबाहेर पाऊस असतो, तो असायचाच.
तेरावं प्रकरण उघडतं ते असं:
'तीन महिन्यांनंतर.'
मधे अर्धं पान कोरं.

मी त्या कोऱ्या अर्ध्या पानात राहते, बाई.

इथे ओहोटी कधी पाचला, कधी पावणेसातला;
समुद्र शाळेचं वेळापत्रक बघत नाही.
इथे ब्राइस आहे, नऊ वर्षांचा,
आणि त्याच्या दप्तरातून आलेली चिठ्ठी:
'पालकांस. आपल्या पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या.'
पालक म्हणून मी ती वाचली.
पालक म्हणून खाली सही केली,
आईची सही, साबेला, सुरुवातीच्या अक्षराला
गळासारखा बाक देऊन.
आधी तीन कागद वाया घालवले.

बाबा जहाजावर, पार खाली दक्षिणेत. ऑक्टोबरपर्यंत करार.
रविवारी फोन करतात, विचारतात, सगळं ठीक?
तेवढ्यात आवाज तुटतो
आणि त्या खरखरीलाच ते 'हो' समजतात.
मीही समजू देते.

परवान्यावर अजून आईचाच फोटो आहे.
धक्क्यावरचा माणूस फोटो बघतो, मला बघतो,
मग बराच वेळ समुद्र बघतो.
मी फावडं खांद्यावर घेऊन त्याच्या पाठीमागून जाते.
फावड्याचा दांडा आईच्या मुठीनं झिजलाय.
माझी मूठ तिथे बसत नाही, जरा खाली धरावं लागतं.

वाकून वाकून बायका चिखल उकरतात,
तिसऱ्या निघतात, प्रत्येकीला मापाच्या कडीतून जावं लागतं.
कडीतून निसटली ती लहान. ती परत वाळूत.
परवा शेजारी एर्मितास होती, माझ्या बादलीत डोकावून म्हणाली,
'ही लहान आहे गं, अजून एक वर्ष तरी राहू दे तिला.'
मी कंबर सरळ केली, वळून तिच्याकडे पाहिलं.
ती तिसरीबद्दल बोलत होती.

आणखी एक सांगायचं होतं.
तुमची मुलगी थेट सतराव्या प्रकरणात पहिल्यांदा हसते,
समुद्रकिनारी, वारा वगैरे.
मी चौथ्याच दिवशी हसले.
मातीहून आल्यावर सगळे जेवायला बसले होते,
मामाची खुर्ची मोडली, सूप मांडीवर,
आणि तो आईलाच शिव्या देऊ लागला,
किती वेळा सांगितलं होतं तिला, ही खुर्ची फेकून दे.
ब्राइस आणि मी टेबलाखाली शिरून हसलो,
पोट दुखेपर्यंत. मग दुखतच राहिलं.
असलं पुस्तकात चालत नसेल. माहीत नाही.

बाकी पुस्तक चांगलं आहे. मी दोनदा वाचलं,
दुसऱ्यांदा मोठ्यानं, ब्राइसचे केस विंचरताना.
बाराव्याशी आलो तेव्हा तो म्हणाला, पुढचं पान उलट.
मी म्हटलं, थांब जरा.

रोसेंदाला अजून कळलेलं नाही,
त्या अर्ध्या पानावर मी लिहिलंय. पेन्सिलनं,
कुणाला नको असेल तर खोडता येईल:
उवांना कोमट व्हिनेगर, मग बारीक फणी, तीन रात्री.
विजेचं बिल दहा तारखेच्या आत.
तिची उशी लगेच धुऊ नकोस.
मग धू.
सही करताना घाई करू नकोस.

उद्या ओहोटी पाच पन्नासला.
बूट चुलीपाशी उलटे ठेवलेत,
आतला कागद बदलला.
आजचंच वर्तमानपत्र आहे,
अजून कुणी वाचलेलं नाही.

उशिया